उताऱ्यावरचा बोजा

निपाणीच्या आमच्या गल्लीत कर्करोग हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. "तसलं झालंय" एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळते. माझ्या मावशीच्या डाव्या गालात, खालच्या हिरडीला लागून, "तसलं" झाले तेव्हा मी रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी.चे काम करत होते आणि तोंडाच्या कर्करोगात जनुकांचे नियमन कसे बिघडते हाच माझा विषय होता. मावशीला हे अंधुकपणे ठाऊक होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मिरजेत दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेलो असताना तिने मला विचारले, "बाळ, तू ह्येच शिकतीस न्हवं? मग सांग की, आमच्या रक्तातच हाय काय हे? आईलाबी असंच झालतं."

मी "नाही, तसं नसतं" म्हणाले आणि तिच्या औषधांची पिशवी आवरू लागले. उत्तर खोटे नव्हते, पण अर्धवट होते. ज्या प्रश्नाभोवती माझी तेव्हाची सहा वर्षे गेली होती, तो माझ्याच घरातल्या बाईने इतक्या नेमक्या शब्दांत विचारावा आणि मला दोन वाक्येही सुचू नयेत, याची बोच अजून आहे. तेव्हा जे सांगायला हवे होते ते आज सविस्तर मांडते.

मावशीचा तर्क साधा होता आणि वरवर पाहता बिनतोड होता. आजीला गालाचा कर्करोग झाला, तिच्या मुलीला झाला, म्हणजे तो रक्तातून आला. पण आजी आणि मावशी या दोघींमध्ये रक्ताखेरीज आणखीही बरेच काही समान होते. दोघी बिडी कामगार. भिजवलेली पाने पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू त्यात भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे आणि दिवसाअखेरीस हजाराचा हिशेब जमवायचा, हे दोघींचे आयुष्य. वखारीतून येणाऱ्या तंबाखूचा खकाणा घरात, केसांत, पोराबाळांच्या कपड्यांत असायचाच. त्याहून महत्त्वाची होती ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि पहाटे चुलीपुढे बसून बोटाने हिरडीला लावायची. आजीचा मिश्रीचा पत्र्याचा डबा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात असे आणि आजीनंतर तोच डबा मावशीकडे गेला. घराण्यात जे पिढ्यान्‌पिढ्या दिसते ते सगळेच जनुकांतून येत नाही. कोनाड्यातला डबाही आईकडून मुलीकडे येतो.

खऱ्या अर्थाने आनुवंशिक असणारे कर्करोग आहेत, पण ते थोडे आहेत. एकूण कर्करोगांपैकी साधारण 5 ते 10 टक्केच असे असतात, ज्यांत आईवडिलांकडून आलेला एखाद्या जनुकातला दोष निर्णायक ठरतो. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. त्यावरूनच अल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मध्ये असे मांडले की एका पेशीतल्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला घाव जन्मतःच असतो आणि उरलेल्यांत दोन्ही घाव आयुष्यातच बसतात. मावशीच्या गालातली गाठ या दुसऱ्या प्रकारात मोडते. तरीही तिच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपत नाही, कारण घाव म्हणजे दर वेळी जनुक मोडणेच असते असे नाही. माझे काम सुरू होते ते या ठिकाणी.

शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. गालाच्या आतल्या अस्तराची पेशी, मेंदूतली पेशी आणि यकृतातली पेशी यांच्याकडे असलेला मजकूर एकच. प्रथिने बनवणारी सुमारे 20,000 जनुके त्यात आहेत, आणि ती सगळी मिळून त्या मजकुराचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग व्यापतात. उरलेल्या भागात, इतर पुष्कळ गोष्टींबरोबर, कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती वाचायचे हे ठरवणाऱ्या जागा आहेत. जनुकांना असे चालू-बंद करणारे स्वतंत्र तंत्र असते हे फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी 1961 मध्ये आतड्यातल्या एका साध्या जिवाणूवर काम करून दाखवले. भोवती दुधातली साखर असेल तेव्हाच ती पचवणारी प्रथिने तो जिवाणू तयार करतो, एरवी त्या जनुकांच्या दारात एक प्रथिन अडून बसलेले असते. माणसाच्या पेशीत हाच कारभार कितीतरी गुंतागुंतीचा होतो. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळाभोवती 147 अक्षरे. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही, सैल केलेला येतो. कोणता भाग सैल ठेवायचा याचा निर्णय म्हणजेच गालाच्या पेशीचे गालाची पेशी असणे.

कर्करोगात हा निर्णय फिरतो. याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण आमच्या भागातले नाही, आफ्रिकेतले आहे. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने 1958 मध्ये युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले. पुढे 1970 च्या दशकात कळले की त्या पेशींमध्ये आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून चौदाव्याला जोडला गेलेला असतो. त्या तुकड्यावर, 1982 च्या सुमारास उमगले तसे, एमवायसी नावाचे जनुक असते, जे पेशीला वाढ आणि विभाजन यांचा इशारा देते. चौदाव्या गुणसूत्रावर ते जेथे येऊन पडते तेथे प्रतिपिंडे बनवणाऱ्या जनुकाचा वर्धक, म्हणजे वाचन वाढवणारा डीएनएचा तुकडा, असतो, आणि पांढऱ्या पेशीत तो सदैव जागा असतो. एमवायसीचे प्रथिन कामाला पूर्वीसारखेच असते. बदललेला असतो तो त्याचा शेजार, आणि त्या शेजाऱ्याच्या हुकमावर ते अहोरात्र वाचले जाऊ लागते. पदव्युत्तर वर्गात हे पहिल्यांदा ऐकले त्या रात्री मला झोप आली नव्हती. आजार म्हणजे काहीतरी मोडलेले, कुजलेले, अशी माझी तोवरची समजूत होती. जे शाबूत आहे तेच चुकीच्या वेळी बोलू लागल्याने माणूस मरू शकतो, हे नवे होते.

याच्या उलट बाजूला पी53 आहे. 1979 मध्ये सापडलेले हे प्रथिन सुरुवातीची दहा वर्षे कर्करोग घडवणारे समजले जात होते. 1989 मध्ये उमगले की ते कर्करोग रोखणारे आहे आणि प्रयोगांत आधी जे वापरले जात होते ते त्याचे बिघडलेले रूप होते. डीएनएला इजा झाली की पी53 ठरावीक जनुकांच्या दारात जाऊन बसते आणि त्यांना चालू करते, मग पेशी एक तर थांबून दुरुस्ती करते किंवा स्वतःला संपवते. म्हणजे तेही नियमन करणारेच प्रथिन. तंबाखूच्या धुरातल्या बेन्झोपायरीनपासून बनणारे रसायन पी53 च्या जनुकात नेमके 157, 248 आणि 273 या जागांवर चिकटते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात ते जनुक ज्या जागी वारंवार बिघडलेले सापडते त्यांत हीच ठिकाणे आहेत, असे 1996 मध्ये दाखवले गेले. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध आकडेवारीवरून पूर्वीच सिद्ध झाला होता. या प्रयोगाने जणू बोटांचे ठसे जुळवून दिले.

माझे स्वतःचे काम मात्र पी16 या जनुकावर आहे. ते नवव्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्या प्रथिनाचे वजन सोळा किलोडाल्टन म्हणून त्याला हे नाव. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर आली की पी16 ब्रेक लावते: विभाजनाला पुढे ढकलणाऱ्या दोन विकरांना ते अडवते, त्यामुळे विभाजन रोखून धरणारे आरबी नावाचे प्रथिन आपली पकड सोडत नाही आणि पेशी जागच्या जागी राहते. तोंडाच्या कर्करोगात हे जनुक बहुधा गप्प असते. कधी त्याचा तुकडाच हरवलेला असतो, कधी त्यात चूक शिरलेली असते. पण पुष्कळदा त्यातले एकही अक्षर बदललेले नसते आणि तरीही ते वाचले जात नाही. हे कसे, ते सांगण्यासाठी मला आमच्या शेताचा उतारा आठवतो.

निपाणीजवळ वडिलांची दीड एकर जमीन आहे. सोसायटीचे कर्ज काढले की उताऱ्यावर बोजा चढतो. जमीन तीच असते, माती तीच, बांधावरचे आंब्याचे झाड तेच, पण उताऱ्याच्या एका रकान्यात एक ओळ वाढते आणि त्या ओळीमुळे जमीन विकता येत नाही. वडील मराठी शाळेत शिकले, निपाणी कर्नाटकात असल्याने उतारा कन्नडात येतो, त्यामुळे शाळेत कन्नड शिकलेली मी लहानपणापासून तो त्यांना वाचून दाखवत असे. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार हे सगळे ते ऐकल्यासारखे करायचे. त्यांचे लक्ष असायचे ते शेवटच्या रकान्याकडे, "बोजा उतरवलाय काय बघ" असे ते म्हणायचे.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी या अक्षरावर, त्याच्या पुढे जी असेल तर, मेथिल नावाचा एक छोटा रासायनिक गट बसू शकतो. पी16 सारख्या जनुकाच्या आरंभी, जेथून वाचन सुरू होते त्या प्रवर्तकात, अशा सी-जी जोड्यांची दाटी असते आणि निरोगी पेशीत ती दाटी कोरी असते. कर्करोगाच्या पेशीत पुष्कळदा तिच्यावर ओळीने मेथिल बसलेले दिसतात. मग मेथिल ओळखणारी प्रथिने तेथे येतात, रिळे घट्ट होतात आणि जनुक शाबूत असूनही बंद पडते. हा मला उताऱ्यावरचा बोजा वाटतो. साम्य इथवरच नाही. जमिनीची भावाभावांत वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या नव्या उताऱ्यावर तो बोजा उतरतो. पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा तयार होतो, पण एक विकर जुन्या धाग्यावर कोठे मेथिल आहे ते पाहत जाते आणि नव्या धाग्यावर त्याच जागी मेथिल बसवते, त्यामुळे दोन्ही लेकी-पेशींत पी16 बंदच राहते. बिघाड मजकुरात नसूनही वारशाने पुढे जातो, मात्र तो वारसा पेशीकडून पेशीकडे जातो, आईकडून मुलीकडे नव्हे. मावशीला हा फरक सांगायचा राहिला होता.

पी16 असे बंद पडते हे 1995 पासून माहीत आहे. तंबाखूशी त्याचा धागा 1998 च्या एका अभ्यासात अधिक स्पष्ट दिसला: तंबाखूतच असणारे एनएनके हे रसायन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत, पुरता कर्करोग होण्याआधीच्या लहानशा गाठींतच पी16 वर हा बोजा चढलेला होता. आग भडकण्याआधी धूर दिसावा तसे हे आहे, आणि म्हणून या खुणेचा लवकर निदानासाठी उपयोग होईल का याचा शोध जगभर चालू आहे.

ही खूण ओळखण्याची रीत इतकी सुंदर आहे की तिच्याविषयी न लिहिणे मला जमणार नाही. मेथिल हा गट इतका लहान की नेहमीच्या वाचनात तो दिसतच नाही. सी म्हणजे सी, मेथिल असो वा नसो. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियात मरियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. डीएनएवर बायसल्फाइट टाकले तर कोऱ्या सी चे रूपांतर होते आणि पुढच्या वाचनात तो टी म्हणून दिसतो. मेथिल असलेला सी मात्र या रसायनाला दाद देत नाही आणि सी च राहतो. म्हणजे अदृश्य असलेली खूण अक्षरांच्या फरकात उमटते. जेथे सी टिकला तेथे बोजा होता.

याच युक्तीने मला चार महिने फसवले, किंवा मी तिला समजून न घेता वापरले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. गाठींच्या नमुन्यांत पी16 बंद असल्याची पट्टी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहण्याच्या थरावर, दिसत होती, हे अपेक्षितच होते. पण त्याच रुग्णांच्या गालाच्या निरोगी भागातही ती दिसू लागली. मी हुरळून गेले. वरवर निरोगी दिसणारे अस्तरही आतून बदललेले असते, ही कल्पना काही नवीन नव्हती. डी. पी. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्येच तोंडाच्या गाठींभोवतीच्या भागात असे बदल पाहिले होते आणि एकाच तोंडात पुन्हा नवी गाठ का होते याचे कारण त्यांत शोधले होते. मला वाटले, मी तेच आता मेथिलच्या भाषेत दाखवते आहे. प्रबंधाच्या एका प्रकरणाचे शीर्षकही मी मनात ठरवून टाकले होते.

प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्या काही नमुन्यांचा क्रम पूर्ण वाचून घ्यायला सांगितला आणि ज्या सी च्या पुढे जी नाही अशा सी कडे बोट दाखवले. माणसाच्या प्रौढ पेशींत अशा सी वर मेथिल जवळजवळ नसतोच, म्हणून बायसल्फाइटनंतर ते सगळेच्या सगळे टी व्हायला हवे होते. माझ्या निरोगी नमुन्यांत त्यांतले कितीतरी सी जसेच्या तसे उभे होते. म्हणजे रसायनाने आपले काम पुरते केलेच नव्हते. बायसल्फाइट फक्त सुट्या धाग्यावर चालते. डीएनएला प्रथिने चिकटून राहिली असतील तर दोन धागे नीट विलग होत नाहीत आणि कोरा सी सुद्धा बदलायचा राहून मेथिलचे सोंग घेतो. सुपारी-तंबाखूने वर्षानुवर्षे राठ झालेले ते अस्तर. त्यातली प्रथिने विरघळवायला मी एक रात्र दिली होती, त्यांना दोन लागत होत्या. उताऱ्यावर मला दिसलेला बोजा बहुतांशी माझ्या वाचनातला होता. सगळे नमुने पुन्हा काढले, पुन्हा धुतले, पुन्हा तपासले. निरोगी भागांतल्या बहुतेक पट्ट्या नाहीशा झाल्या. दोनतीन उरल्या आणि त्या खऱ्या निघाल्या. आज मला त्या दोनतीनच अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्यांच्यावर मी विश्वास ठेवू शकते.

याच काळात मावशीचा प्रश्न माझ्यासमोर वेगळ्याच रूपाने पुन्हा आला. कर्करोगातल्या उत्परिवर्तनांचा अभ्यास करताना तुलनेसाठी रुग्णाचे रक्त घेतात: रक्तातल्या पेशींत दिसते ते जन्मतः आलेले, गाठीत दिसते पण रक्तात नाही ते नंतर घडलेले. ही सोपी आणि भक्कम रीत आहे. पण मेथिलच्या बाबतीत रक्त पुरे पडत नाही, कारण रक्ताच्या पेशीचा आणि गालाच्या पेशीचा बोजांचा रकाना मुळातच वेगवेगळा असतो, तो तसा असतो म्हणूनच तर एक रक्ताची आणि दुसरी गालाची. गालाची तुलना गालाशीच करावी लागते. तरीही पद्धत तपासण्यापुरते काही रुग्णांचे रक्त मी पाहिले. गाठीत पी16 पुरते बंद असलेल्या माणसाच्या रक्तातल्या पेशींत ते स्वच्छ, कोरे, वाचण्याजोगे होते. पडद्यावर दोन क्रम एकाखाली एक होते, वरचा गाठीचा, खालचा रक्ताचा. वरच्यात सी-जी, सी-जी, सी-जी, खालच्यात टी-जी, टी-जी, टी-जी. "रक्तातच हाय काय" याचे उत्तर इतक्या शब्दशः माझ्यासमोर येईल असे मला कधी वाटले नव्हते. ते रक्त मावशीचे नव्हते. नमुन्यांवर नावे नसतात, आकडे असतात, आणि तिचा नमुना आमच्या अभ्यासात घेतलेलाच नाही. पण तो क्रम पाहताना मला मिरजेतला तो बाकच दिसत होता.

बोजा उतरवता येतो का, हा पुढचा प्रश्न, आणि मन इथे सहज पुढे धावते म्हणून मी तो जपून मांडते. मोडलेले जनुक जोडणे फार अवघड, पण बंद केलेले जनुक उघडता आले तर! 1960 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात अ‍ॅझासायटिडीन नावाचे औषध तयार झाले, ते पेशींना मारणारे विष म्हणून. 1980 च्या सुमारास पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी ते उंदराच्या गर्भातल्या पेशींवर काचेच्या बशीत वापरले, आणि काही दिवसांनी त्या बशीतल्या काही पेशी स्नायूंच्या होऊन आकुंचन पावू लागल्या. औषधाने मेथिल बसवणाऱ्या विकराला अडवले होते, बंद असलेली जनुके उघडली होती आणि पेशींनी आपली ओळख बदलली होती. हेच औषध पुढे अल्प मात्रेत, अस्थिमज्जेच्या एका कर्करोगसदृश विकारासाठी, 2004 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रक्ताच्या आणखी एका कर्करोगात तर याहून मोठे यश आले. त्यात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून तयार झालेले प्रथिन पेशीला प्रौढ करणारी जनुके दाबून ठेवते. 1980 च्या दशकात शांघायमध्ये अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने ती दाब उठवली गेली, पेशी मारल्या न जाता प्रौढ झाल्या, आणि एकेकाळी सर्वांत जीवघेणा समजला जाणारा तो आजार आज बहुतेक रुग्णांत बरा होतो.

गालाच्या कर्करोगाला मात्र आजही मुख्य आधार शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचारांचा आहे. अ‍ॅझासायटिडीन एकच बोजा उतरवत नाही, ते सगळ्या गावाच्या उताऱ्यांवरचे शेरे सरसकट पुसू लागते, त्यांत हवे असलेलेही जातात. आणि औषध थांबले की पुष्कळ ठिकाणी मेथिल परत बसतात. नातेवाईक मला फोनवर "तुमच्याकडं नवीन औषध निघालंय म्हणं" असे विचारतात तेव्हा मी हे असेच सांगते. आशा खोटी नाही, पण ती आमच्या गल्लीपर्यंत पोहोचलेली नाही.

आपल्या देशातल्या रुग्णांवरचे काम मला या सगळ्यात फार जवळचे वाटते. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था यांनी मिळून हिरडी आणि गाल यांच्या कर्करोगाचा जनुकीय आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत जिभेचा कर्करोग अधिक, आपल्याकडे तंबाखू जेथे दाबून ठेवतात त्या जागेचा. म्हणून हे काम आपणच करणे भाग होते. पी53 त्यात अपेक्षेप्रमाणे होतेच, पण नव्याने सापडलेल्या जनुकांत एआरआयडी2 आणि एमएलएल4 ही दोन होती. ही दोन्ही रिळांचा कारभार पाहणारी आहेत, एक रिळे सरकवते आणि दुसरे त्यांच्यावर खुणा करते. म्हणजे या गाठींत केवळ उताऱ्यावर खोटे शेरे चढतात असे नाही, शेरे लिहिणारा तलाठीच बिघडतो. एका जनुकाच्या दारात मी जे पाहत होते त्याचे मूळ दप्तरातच असू शकते, हे त्या शोधनिबंधाने मला दाखवले, आणि त्यानंतर माझ्या कामाची दिशा पी16 वरून हळूहळू या दप्तराकडे वळली.

मुंबईत वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी तंबाखू ओढणे व खाणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध 1955 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. माझी आजी तेव्हा बिडीला बसू लागली असेल. इतक्या आधी कळलेले आमच्याकडे का पोहोचले नाही, असा राग पूर्वी मला येत असे, आणि त्या रागात मी घरच्यांनाच बोलत असे. पण निपाणीत तंबाखू ही सवय होण्याआधी पोट होती. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर दिवसचे दिवस बसून होते आणि त्या आंदोलनात गोळीबारात माणसे गेली. माझे आजोबा त्या रस्त्यावर होते. ज्या पिकासाठी माणसे मरायला तयार होती त्याच पिकाची पूड आपल्या गालात काय करते, हे ऐकायला मोकळे कान कोठून येणार? आजीला कोणी पी53 सांगितले असते तरी दुसऱ्या दिवशी हजार बिड्या वळायच्याच होत्या.

मावशी शस्त्रक्रियेनंतर वाचली. जबड्याचा एक भाग काढावा लागला, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि भाकरी ती आमटीत कुस्करून खाते. मागच्या दिवाळीत मी निपाणीला गेले तेव्हा ते दोन क्रम कागदावर छापून नेले होते. तिला मी उताऱ्याचे उदाहरण दिले. बोजा म्हटल्यावर ती लगेच समजली. तिने वरच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे गालातलं?" मग खालच्या ओळीवर, "आन हे रक्तातलं? हे साफ हाय?" मी होय म्हणाले. ती बराच वेळ कागद हातात धरून होती. मग तिने आतल्या खोलीत कपडे घड्या घालत असलेल्या आपल्या थोरल्या मुलीला हाक मारली.

माझी ही मावसबहीण चाळिशीची आहे. बिडी तिने सोडली, एका शिवणकामाच्या दुकानात जाते, मिश्री मात्र अजून लावते. आईच्या आजारपणानंतर रक्त तपासून घ्यावे असे तिच्या मनात होते, पण पैसे किती लागतील या भीतीने तिने कोणाला विचारले नव्हते. मी तिला म्हणाले की तुझ्या रक्तात हे दिसणार नाही, जिथे होते तिथेच पाहावे लागते, आणि त्याला आरसा, उजेड आणि दहा मिनिटे पुरतात. सोमवारी आम्ही दोघी दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी छोटा आरसा आत घालून दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा सावकाश पाहिली. डाव्या गालात, जेथे ती मिश्री दाबून ठेवते तेथे, फिकट पांढरा चट्टा होता. बोटाने दाबून त्यांनी पाहिले. तो मऊ होता, कडा कठीण नव्हत्या. मिश्री पूर्ण बंद करून तीन आठवड्यांनी पुन्हा या, चट्टा तसाच राहिला तर तुकडा काढून तपासू, असे त्यांनी कागदावर लिहून दिले.

घरी आल्यावर तिने तो कागद आईच्या औषधांच्या पिशवीत ठेवला आणि पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, पेनाने लिहिली.